उलट्या आट्याच्या इन्स्पेक्टरबाई

इन्स्पेक्टरबाईंच्या पर्समध्ये कंगवा नसे, आरसा नसे. एक गेज असे. बोटभर लांबीचा, दोन्ही टोकांना वेगवेगळ्या जाडीचा पोलादी तुकडा. खडकीच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी अशा गेजांच्या संगतीत काढली होती. त्याचं एक टोक भोकात जायलाच हवं आणि दुसरं जाता कामा नये. दोन्ही गोष्टी घडल्या तर माल पास, एक जरी चुकली तरी रिजेक्ट. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी वापरातून बाद झालेला एक गेज रीतसर परवानगी काढून, लाल फितीत बांधून त्यांना दिला होता. समोरचा माणूस छातीठोकपणे काही सांगू लागला की बाई तो पर्समधून काढून टेबलावर ठेवत आणि विचारत, "मोजलंत?" एवढ्यावर पुष्कळांची छाती बसलेली मी पाहिली आहे.

इमारतीत नव्याने आलेल्या भाडेकरूंना 'इन्स्पेक्टरबाई' या नावामुळे त्या पोलिसातल्या वाटत, आणि पहिले काही महिने ते पाण्याचा पंप वेळेवर बंद करत. बाईंनी हा गैरसमज कधीही दूर केला नाही. "मी खोटं बोलले नाही. त्यांनी विचारलं नाही," असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आलो तेव्हा रिवाजाप्रमाणे ओळख करून द्यायला गेलो. माझं सारं आयुष्य एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलेलं. शांतता राखा, असं इतरांना सांगता सांगता माझा स्वतःचाच आवाज कायमचा खाली बसला आहे. मी नाव सांगितलं. "काय म्हणालात?" बाईंनी विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "अहो जोशी, तुमचं बोलणं मोजायला इतका बारीक गेज माझ्याकडे नाही. जरा जाड बोला." हे वाक्य मला लागलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. हळू बोलण्याला मी सभ्यपणा समजत आलो होतो. त्यात सभ्यपणा किती आणि भीती किती, हा हिशेब मांडण्याची वेळ माझ्यावर प्रथम त्या उंबरठ्यावर आली.

त्यांची मोटारसायकल हा खडकीत एके काळी चर्चेचा विषय होता. कारखान्यातल्या बायका बसने नाहीतर सायकलने येत. बाईंनी स्वतःच्या पगारातून काळ्या टाकीची, दणकट, चार माणसांनी वळून पाहावं अशी गाडी घेतली. त्यांचे यजमान मोरेसाहेब त्याच कारखान्यात भांडारात होते, आणि ते मागे बसून येत. फाटकाशी उभं राहून कुणी हसलं तर मोरेसाहेब शांतपणे म्हणत, "बायको गिअर टाकते, मी वारा खातो. तुम्ही काय खाता?" बुद्धपौर्णिमेच्या सकाळी दोघंही पांढऱ्या शुभ्र कपड्यांत विहाराकडे निघत, तेव्हाही हीच बैठक असे. मोरेसाहेब गेले. मागची सीट रिकामी झाली, पण गाडी थांबली नाही. कॅनव्हासचे बूट, पंजाबी ड्रेस, ओढणीला कमरेशी घट्ट गाठ आणि पांढऱ्या केसांवर हेल्मेट अशा थाटात बाई सत्तरीतही भाजी आणायला जात.

मग न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. डावा घोटा, काही आठवडे प्लास्टर. डावा पाय म्हणजे गिअरचा पाय. प्लास्टर निघाल्यावर बाई पुन्हा गाडीवर बसल्या, आणि गिअर चुकू लागले. पेडल दाबलं तरी पहिला पडेना, वर उचललं तरी दुसरा लागेना. बोपोडीच्या सिग्नलला तर गाडी न्यूट्रलमध्येच घुरघुरत राहिली, मागे बसचा भोंगा सुरू झाला आणि हवालदार म्हणाला, "आजी, बाजूला घ्या." बाईंना त्या भोंग्याचं काही वाटलं नाही. 'आजी' आणि 'बाजूला' हे दोन शब्द एका वाक्यात आले, याचं वाटलं.

ही बातमी त्यांच्या मुलापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आनंद हा त्यांचा एकुलता एक. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, राहायलाही तिकडेच. आईवर त्याची माया होती, फक्त ती नेहमी काळजीचा पोशाख घालून बाहेर पडे. त्याने मला फोन केला. "जोशीकाका, प्लीज तुम्ही बोला ना तिच्याशी. पाय गेलाय तिचा, ॲक्सेप्ट करत नाहीये. गाडी विकून टाकू." मी बरं म्हणालो. कुणी काही सांगितलं की बरं म्हणणं ही माझी जुनी सवय. संध्याकाळी बाईंकडे जाऊन मी फार जपून, फार सुबक शब्दांत म्हणालो की प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते आणि विश्रांती घेण्यातही एक प्रतिष्ठा असते.

बाईंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "हे आनंदचं वाक्य झालं. तुमचं कुठलं?"

माझं वाक्य नव्हतंच. मी चहा प्यालो.

"ऐका जोशी," त्या म्हणाल्या. "पाय पास आहे. गाडीतला जोड झिजलाय. तो प्लास्टरच्या आधीपासून झिजत होता, मला पायाला कळत होतं. आणि समजा पाय गेलाच असेल, तर तेही मीच सांगेन. मोजून. माझ्या पायाचा निकाल फोनवर लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन सर्व्हिस सेंटरला गेल्या. काउंटरवरच्या तरुणाने गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि बहुधा बाईंकडे पाहूनच त्याचं निदान झालं. "आजी, हे मॉडेल बंद झालंय. पार्ट येत नाही. आणि आता कशाला गिअरची गाडी? ऑटोमॅटिक घ्या, पायाला आराम."

"पायाला आराम मी मागितला का? जोड हलवून पाहिलात?"

"गरज नाही पाहायची. एक्स्पीरियन्स आहे आमचा."

बाईंनी पर्समधून गेज काढून काउंटरवर ठेवला. "अनुभव माझाही आहे. म्हणूनच मी मोजते." आणि गाडी फिरवून त्या घरी आल्या. मी गेलो होतो तसाच रिक्षाने आलो. मला मोटारसायकलवर मागे बसायची भीती वाटत असे, हेही इथे नोंदवायला हवं.

रविवारी सकाळी त्यांनी मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. गाडी मधल्या स्टँडवर उभी होती आणि बाई पोत्यावर बसल्या होत्या. त्या गाडीत पायाखालचं पेडल थेट गिअरबॉक्सला जोडलेलं नव्हतं. पेडलापासून एक बारीक सळई निघे आणि गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या आखूड दांड्याला जाऊन मिळे. सळईच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत बसवलेली गोळी. पेडल हललं की सळई हलते, सळई हलली की दांडा हलतो, दांडा हलला की गिअर बदलतो. "तुम्ही पेडल हळूच उचला," बाई म्हणाल्या. "हळू ही तुमची खासियत आहे." त्यांनी स्वतःचं बोट वरच्या दांड्यावर ठेवलं. मी पेडल उचललं. सळईने नुसता आळस दिला, वाटीतली गोळी इकडून तिकडे खुळखुळली, दांडा मात्र जागचा हलला नाही. पेडल आणखी बोटभर वर गेलं तेव्हा कुठे तो हलला.

"पाहिलंत? पाय सांगतोय. सळई ऐकतेय. पण निरोप पोचत नाही. आणि दोष कुणाला? पायाला."

त्यांनी तिथूनच आनंदला फोन लावला आणि माझ्यादेखत स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "आई, पार्टचा प्रश्नच नाहीये. यू आर सेव्हन्टी."

"सत्तर हे माप नाही रे. नुसता आकडा आहे. मापाला दोन टोकं लागतात. एक जायला पाहिजे, एक जाता कामा नये."

बऱ्याच ओढाताणीनंतर ठरलं ते असं: बाईंनी जोड बदलावा. त्यानंतर आनंद स्वतः मागे बसून फेरी मारील. एकदा जरी गिअर चुकला तरी चावी त्याच्या हाती. बाई म्हणाल्या, "कबूल." मला वाटत होतं की थोडा पायाचाही दोष असेलच. मी तसं बोललो नाही, पण त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "घाबरू नका. रिजेक्ट झाले तर रिजेक्ट. पण तपासणीशिवाय नाही."

आमची ही तपासणी वरून सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस पाहत होते. पुढच्या रविवारी खाली उतरलो तर बाईंच्या पार्किंगच्या जागेसमोरच्या भिंतीवर नवा कोरा बोर्ड: 'सदर जागा वाहने लावण्यासाठी आहे. येथे वाहनदुरुस्ती करू नये. सूचना वाचता येत नसल्यास कार्यालयात वाचून दाखवली जाईल.' बाईंनी तो सावकाश, पूर्ण वाचला. मग हत्यारांची पिशवी त्यांनी बोर्डाच्या डाव्या खिळ्याला अडकवली. सबनीस गॅलरीतून म्हणाले, "मोरेबाई, बोर्ड दिसला ना?"

"दिसला. खिळा चांगला ठोकलाय. पिशवीची सोय झाली."

"दुरुस्तीला मनाई आहे तिथे."

"ठरावाची प्रत आणा खाली. तोवर माझं होईल."

सबनीस आत गेले. ठराव झालेला नव्हता, हे बाईंना ठाऊक होतं. त्या प्रत्येक सभेला जात आणि शेवटपर्यंत बसत.

मधल्या आठवड्यात आम्ही नाना पेठेत जाऊन बॉल जॉइंट आणले होते. गाडीचं मॉडेल बंद झालं असलं तरी त्या मापाची गोळी-वाटी दुसऱ्या गाड्यांनाही लागते, हे दुकानदाराने एका नजरेत सांगितलं. बाईंनी त्याला हात जोडले आणि मग त्याचा छळ आरंभला. एक जॉइंट घेतला, कानाशी हलवला, बोटांत फिरवला, परत दिला. दुसरा घेतला, परत दिला. दुकानदार वैतागून म्हणाला, "मावशी, मुलीला स्थळ बघताय का?"

"मुलगी नाही मला. स्वतःसाठी पाहिलं होतं. दोन परत पाठवली, तिसरं शेवटपर्यंत टिकलं." असं म्हणून त्यांनी तिसरा जॉइंट पसंत केला, आणि त्याच्या जोडीचा आणखी एक. दुकानदार हसला. मी मोरेसाहेबांना पाहिलेलं नव्हतं. त्या दुकानात, ग्रीसच्या वासात, त्यांची मला पहिल्यांदा नीट ओळख झाली.

तर बोर्डाखाली काम सुरू झालं. बाईंनी आधी सळईवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या: कुठला जॉइंट किती आत गेलेला होता ते कळावं म्हणून. "काढण्याआधी खूण. नाहीतर नंतर जो तो आपापली आठवण सांगत बसतो." मग त्यांनी माझ्या हाती पाना दिला. सळईच्या दोन टोकांना दोन नट होते, ते सैल करणं माझ्याकडे. खालचा नट चटकन सुटला. वरचा हलेना. मी जोर लावला. तरी हलेना. उठून, पाय रोवून, दात आवळून, आयुष्यात क्वचितच वापरलेली सगळी ताकद मी त्या नटावर खर्च केली. बाई पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जोशी, जन्मात पहिल्यांदा जोर लावलात, तोही उलट्या बाजूने. तुम्ही तो आवळताय."

त्या टोकाचे आटे उलटे होते. तिथे सुटायचं ते उजवीकडे आणि आवळायचं ते डावीकडे. मी खजील होऊन विचारलं की असं एकच टोक उलटं ठेवण्याचं प्रयोजन काय. बाईंनी सळई हातात धरून फिरवून दाखवली. दोन्हीकडे सरळ आटे असते, तर एकीकडून सळई जेवढी बाहेर आली असती तेवढीच दुसरीकडे आत गेली असती. लांबी जिथल्या तिथे. एक टोक उलटं असल्यामुळे सळई एका बाजूला फिरवली की दोन्हीकडून लांबते, दुसऱ्या बाजूला फिरवली की दोन्हीकडून आखडते, आणि पेडल पायाच्या उंचीला आणता येतं.

"म्हणून एक टोक उलटं लागतंच," त्या म्हणाल्या. "यंत्रात लागतं, घरात लागतं, सोसायटीतही लागतं. सगळेच सरळ आट्याचे निघाले तर नुसतं गोल गोल फिरत बसायचं. जुळत काहीच नाही." वरच्या गॅलरीचं दार कुठेतरी जरा जोरात लागलं.

झिजलेला जॉइंट निघाला तेव्हा त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून साधा, काळपट, शाबूत दिसत होता. हलवला की वाटीत गोळी सुपारीसारखी वाजत होती. नवे जॉइंट पुसून, ग्रीस लावून त्यांनी आपल्या हाताने बसवले. मी जुन्या पांढऱ्या खुणेपर्यंत सळई फिरवून थांबलो. "खूण आली," मी म्हणालो. बाईंनी बूट पेडलाखाली घालून पाहिला आणि मान हलवली. "ती खूण झिजलेल्या दिवसांची आहे. ढील लपवायला मी तेव्हा पेडल खाली घेतलं होतं. आता पायाला विचारून लावू." सळई थोडी फिरवायची, पाय लावून पाहायचा, पुन्हा थोडी फिरवायची. असं करत करत पेडल जागेवर आलं. मग मी दोन्ही नट आवळले. वरचा डावीकडे. या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही.

आनंद दुपारी आला. लहानपणानंतर प्रथमच तो आईच्या मागे बसत होता. आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, शेवटी त्याने ते स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवले. "धर नीट," बाई म्हणाल्या. "पडलास तर दोष माझ्या पायाला देशील." गाडी फाटकाबाहेर गेली. मी बोर्डाखाली पोत्यावर बसून राहिलो. त्या वेळात मी काय मागत होतो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या जिंकाव्यात असं वाटत होतं, आणि त्या सुखरूप राहाव्यात असंही. या दोन इच्छा एकच आहेत असा माझा समज होता आणि त्या एक नव्हत्या.

गाडी परत आली ती आवाजावरून कळली. फाटकाशी तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला; प्रत्येक वेळी खट्, स्वच्छ, पेटीची कडी लागावी तसा. आनंद उतरला. त्याची कॉलर वाऱ्याने उलटली होती. तो बराच वेळ हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिला. मग म्हणाला, "बोपोडीच्या सिग्नलला तिने मुद्दाम दोनदा थांबवली, काका. परत जाऊन." आईकडे वळून तो एवढंच म्हणाला, "चावी ठेव तुझ्याकडे."

"तुझ्याकडे होतीच कधी?" बाई म्हणाल्या आणि वर चहा टाकायला गेल्या.

त्यानंतर एक अख्खं वर्ष आणि वर थोडे महिने बाई गाडीवरून हिंडल्या. खडकी बाजार, विहार, एकदा तर थेट मांजरी गावात मैत्रिणीकडे, उसाच्या ट्रॉल्यांना मागे टाकून. पाहणाऱ्याला वाटावं की ही गोष्ट इथे विजयाने संपली. मलाही तसंच वाटत होतं.

एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. बोर्ड होता तिथेच होता, गाडी मधल्या स्टँडवर होती, बाई पोत्यावर बसल्या होत्या. "काल गिअर चुकला. परवाही चुकला होता."

मला जवळजवळ हायसंच वाटलं. "जॉइंट पाहू या. मी पाना आणतो."

"पाहिला. तुम्हीही पाहा." मी पेडल उचललं, त्यांनी दांड्यावर बोट ठेवलं. पेडल हललं त्या क्षणी दांडा हलला. ढील मुळीच नव्हती. मग त्यांनी आपला डावा पाय पुढे केला. "आता बुटावर हात ठेवा. मी चवडा उचलते. उचलला की सांगा." मी बुटावर तळहात ठेवला. "उचलला," बाई म्हणाल्या. माझ्या हाताखाली काही हललं नव्हतं. मग जरा वेळाने बूट किंचित वर आला.

मी म्हणालो, "थंडी आहे. सकाळी सगळ्यांचेच पाय आखडतात." माझा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता.

"जोशी," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "खोटा शिक्का मारू नका. मी कधी मारला नाही. निरोप पोचत नाहीये."

मग त्यांनी पर्समधून गेज काढला, पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला आणि परत ठेवून दिला. "गाडी पास. मी रिजेक्ट. आनंदला तुम्ही सांगायचं नाही." त्यांनी फोन लावला. "आनंद, मी गाडी सोडतेय. आजपासून. कारण विचारू नकोस, मोजलंय. आणि एक लक्षात ठेव, तू थांबवलं नाहीस. मी थांबले." पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. बाई म्हणाल्या, "रडतोस काय, गाढवा. विकायची नाहीये. चालवणारा बदलायचाय."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पन्नाशी उलटलेल्या, आयुष्यभर गिअर नसलेल्या स्कूटरवर ग्रंथालयात गेलेल्या माणसाला मोटारसायकल शिकवणं हे त्यांनी निवृत्तीनंतरचं कार्य मानलं. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्या मागे बसत आणि हुकूम सोडत. "बदला." मी विचार करी, गाडी आचके देई. "बदला म्हटलं की बदलायचं, जोशी. विचार करून झाल्यावर नाही." महिनाभराने आम्ही खडकी बाजारात गेलो. कारखान्याच्या फाटकाशी त्यांच्या वेळचा एक निवृत्त फिटर चहा पीत उभा होता. "जयभीम, बाई. मागे बसायला लागलात?" त्याने हसून विचारलं.

"जयभीम. हे गिअर टाकतात," बाई माझ्या मागून म्हणाल्या, "मी वारा खाते."

त्यांचं शेवटचं आजारपण फार लांबलं नाही. रुग्णालयात मी बसलो असताना एक परिचारिका आली आणि कागदावर खूण करत स्वतःशीच म्हणाली, "चालता येत नाही." बाईंनी डोळे उघडले. "उभं करून पाहिलंत?" ती गोंधळली. बाईंनी एक हात माझ्या खांद्यावर आणि एक पलंगाच्या दांडीवर ठेवला, उभ्या राहिल्या, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकता येईना तेव्हा खाली बसल्या. धाप लागली होती. "आता लिहा," त्या म्हणाल्या. आठवडाभरात त्या गेल्या. विहारातून परतल्यावर आनंदने माझ्या हातात चावी ठेवली. गेज त्याने स्वतःकडे ठेवला आहे. हिंजवडीच्या त्याच्या टेबलावर तो असतो, असं तो सांगतो.

गेले काही दिवस पेडल जरा सैल वाटत होतं. पाय की जोड, हा प्रश्न आता माझ्याही वयाला विचारता येण्यासारखा आहे. म्हणून परवाच्या रविवारी मी खाली उतरलो, पोतं अंथरलं, पेडल उचलून दांड्यावर बोट ठेवलं. जोडच होता. हत्यारांची पिशवी मी बोर्डाच्या डाव्या खिळ्याला अडकवली, सळईवर पांढऱ्या खुणा केल्या आणि वरचा नट उजवीकडे फिरवून सोडवला.

"जोशी? तुम्हीसुद्धा?" वरून सबनीसांचा आवाज आला. "काय चाललंय तिथे?"

मी सांगितलं.

"काय म्हणालात?"

मी पाना खाली ठेवला, उभा राहिलो आणि पुन्हा सांगितलं, "दुरुस्ती करतोय." समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. तिसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.